अभिप्रायाच्या वहीतलं माझं अक्षर

माझं अक्षर चांगलं आहे. नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत मी मास्तरीण होते, तेव्हा फळ्यावरचा सुविचार रोज मीच लिहायची. त्या अक्षराचा मला तोरा होता. पुढे त्याच अक्षरानं माझ्या भावाचा घात केला, आणि तो राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सावनेरकडच्या कोळसा खाणीत दादाच्या पाठीवर छताचा दगड पडला आणि त्याचं कमरेखालचं सगळं गेलं. खाणीतून त्याला थेट नागपूरच्या एका मोठ्या रुग्णालयात आणलं. तिथला वॉर्ड स्वच्छतेसाठी नावाजलेला होता, आणि उगीच नव्हता. फरशी लखलखीत, चादरीला सुरकुती म्हणून नाही.

सोमवारी आणि गुरुवारी मोठे डॉक्टर राउंडला येत. त्या दिवशी सकाळी सहालाच आया सगळ्यांना पाठीवर सरळ झोपवून चादरी ताणून गादीखाली खोचायची. "साहेब जाईपर्यंत कोणी हालाचं नाही," असा तिचा दम असे. साहेब कधी दहाला येत, कधी दीडला. ज्यांना हलता येई ते चोरून कूस बदलत. दादाला आपले पाय कुठे आहेत हेच कळत नव्हतं, तो काय हलणार? बाकीच्या दिवशी तरी दर दोन तासांनी त्याला वळवायला हवं होतं. तेही कुणी केलं नाही. का, तर चादर विस्कटते!

आम्हाला चार ते सहा भेटायला सोडत. आई आणि मी त्याच्या उशाशी बसून मोसंबी सोलून द्यायचो. चादर त्याच्या छातीपर्यंत असायची, ती उचलून बघायचं आम्हाला सुचलंच नाही. एकदा मोठ्या सिस्टर अभिप्रायाची वही घेऊन आल्या. "तुम्ही शिक्षिका ना? लिहा दोन ओळी." मी चांगल्या नऊ ओळी लिहिल्या. 'माझ्या भावाची येथे घरच्यासारखी काळजी घेतली जाते. चादरीवर एक डागही दिसत नाही.' खाली सही, तारीख, सगळं. समोर वही आली की आपण गोडच लिहितो, जेवण बेचव असलं तरी यजमानाला छान म्हणतो तसं.

आठ दिवसांनी आईला वास आला. तिनं चादर ओढली. दादाच्या माकडहाडावर माझी मूठ मावेल एवढा खड्डा पडला होता आणि आत हाड दिसत होतं. मी सिस्टरना ओढतच आणलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अशा पेशंटना होतंच. घरूनच आणली असेल जखम." खाणीतून थेट आलेला माणूस घरून जखम आणतो! मला तेव्हा त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं होतं, हे मी आजही लपवत नाही.

दादाला आम्ही घरी आणलं. इतवारीतल्या वकिलानं रुग्णालयाला नोटीस पाठवली. भरपाई हा शब्द वकिलाचा. दादाचं मागणं वेगळं होतं. "मले त्यायच्याकडून लिहून पाहिजे, का आमची चूक झाली. नाही तर उद्या दुसऱ्याले असंच झोपवतीन."

रुग्णालयानं चौकशी लावली. दादा हट्टानं स्ट्रेचरवरून आला. टेबलामागे तिघे साहेब होते. त्यांतल्या मधल्यानं वही माझ्यासमोर सरकवली.

"हे अक्षर तुमचं?"

"हो."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाही."

"मग आता तक्रार कशाची?"

मुलांना खरं बोलायला शिकवणारी मी, आपलीच सही परत परत वाचू लागले. तेवढ्यात दादा बोलला, "साहेब, तिनं चादर पाहून लिहिलं जी. तुमी चादरीखाली पाहा." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "काढ वं."

मी चादर काढली. एक साहेब कागद चाळू लागला, दुसरा खिडकीकडे बघू लागला. मधला म्हणाला, "त्याची गरज नाही. झाका."

दीड महिन्यानं पत्र आलं. 'अशा रुग्णांस अशी जखम अटळ असून ती भरून येण्याचा संभव नाही. नातेवाइकांनी लेखी समाधान व्यक्त केले आहे.' वकिलानं हात वर केले.

आई आणि मी अलार्मचं घड्याळ लावून दर दोन तासांनी दादाची कूस बदलत राहिलो. गल्लीतले डॉक्टर येऊन जखम धुऊन बांधायचे. चौदा महिन्यांनी जखम भरली. पट्टी सुटली त्याच दिवशी दादा म्हणाला, "जा, आता त्या वहीत लिही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच मी वॉर्डात जाऊन वही मागितली. सिस्टरनी मला ओळखलं.

"काय लिहिणार?"

"जखम भरली. दोन बायकांनी भरली. दर दोन तासांनी कूस बदलली."

त्यांनी वही खणात टाकून खण लावून घेतला. तो गुरुवार होता. आया चादरी खोचत होती. पहिल्या खाटेवरचा माणूस छताकडे बघत पडला होता. मी त्याच्याजवळ गेले.

"पाय हलतात का?"

"नाही जी."

"वळवू का तुम्हाला?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. चौदा महिन्यांत माझा हात बसला होता. खोचलेली चादर मी उपसली आणि त्याला कुशीवर घेतलं. आया ओरडली, "ओ बाई, काय करून राहिल्या? साहेब येऊन राहिले ना!"

"येऊ द्या," मी म्हटलं.

त्याच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग होता.