दसऱ्याला कोरडी राहणारी जीप

हे लडाखला होते तेव्हा लान्स नाईक होते. काम ड्रायव्हरचं. गाडी ढाई टन, म्हणजे फौजेतला मध्यम ट्रक, डिझेलवरचा. जोडीचा ड्रायव्हर तानाजी, औंधचा. पोस्ट लय उंचावर. खालचं हॉस्पिटल चार तासांवर.

एवढं मला लग्नापासून माहीत होतं. पुढचं कळलं ते आमच्या जुन्या जीपमुळं.

पेन्शनीवर आल्यावर ह्यांनी कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून डिझेल जीप आणली. थंडीत सकाळी ती चालू करायची ह्यांची रीत ठरलेली. डॅशबोर्डवरची हीटरची बत्ती विझेपर्यंत थांबायचं. क्लच दाबून स्टार्टर मारायचा. मग न्यूट्रलला क्लच सोडून जरा वेळ उभी ठेवायची. रात्री टाकी भरलेली पाहिजे. हँडब्रेक कधी ओढायचा नाही. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा.

मी विचारायची, हे सांगायचे. कडक थंडीत डिझेल तुपासारखं थिजतं. गिअरबॉक्समधलं तेल काकवीसारखं होतं. क्लच दाबला की स्टार्टरला ती काकवी ओढावी लागत नाही. नंतर न्यूट्रलला क्लच सोडला की तेल ढवळून पातळ होतं. अर्ध्या टाकीत आतल्या आत दव धरतं, ते पाणी डिझेलमध्ये उतरतं. सगळं पटायचं. पण इथं वडूजला डिझेल कशाला थिजेल, म्हटलं की म्हणायचे, सवय गं.

एक मात्र सांगत नव्हते. दसऱ्याला गल्लीतल्या सगळ्या गाड्या धुतात. हे आमची जीप कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि हार घालायचे. शेजारचे बापू दरवर्षी म्हणायचे, "हवालदार, सणाला तरी आंघोळ घाला की तिला. आपल्याकडं दुष्काळ हाय, पर एवढाबी न्हाई." हे हसून सोडून द्यायचे.

गेल्या दसऱ्याला झेंडू ओवता ओवता मी विचारलं, "आवं, पाणी का लावत न्हाई तिला?"

ह्यांनी फडकं खाली ठेवलं आणि सांगितलं.

दोघांचा तो तिथला पहिलाच हिवाळा. दसऱ्याच्या आदल्या दुपारी ऊन चांगलं पडलं होतं. तानाजी म्हणाला, "गड्या, यमाईच्या गावचा हाय मी. धुळीनं भरलेली गाडी पुजायची व्हय?" त्यानं पाणी गरम केलं आणि गाडी चाकांसकट धुतली. ह्यांनीही बादल्या दिल्या. मग उतारावर लावताना गावाकडच्या सवयीनं त्यानं हँडब्रेक ओढला. संध्याकाळी त्याला खोकला लागला. गारठ्यानं असेल असं सगळ्यांना वाटलं.

उजाडताना त्याला दम पुरेना. ओठ निळे पडले. नर्सिंग असिस्टंटनं ऑक्सिजन लावला. उंचीमुळं छातीत पाणी झालंय, खाली नेणं हाच इलाज, असं तो म्हणाला. सुभेदारसाहेबांनी वायरलेसवर रिपोर्ट दिला. उत्तर आलं, "पेशंट को फौरन नीचे लाओ. ओव्हर."

इंजिनाची तयारी चोख होती. बॅटरी रात्री बुखारीजवळ, म्हणजे खोलीतल्या शेगडीजवळ ठेवलेली. इंजिनाच्या तेलाच्या चेंबरखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवलं. इंजिन लागलं, गिअर पडला. क्लच सोडला की गाडी हिसका देऊन बंद. मागची चाकं फिरेनात. धुतलेलं पाणी ब्रेकच्या ड्रममध्ये शिरून गोठलं होतं. हँडब्रेक ओढलेला, त्यामुळं लायनर ड्रमला घट्ट चिकटले होते.

एकजण गरम पाणी घेऊन धावत आला. ह्यांनी त्याला परत पाठवलं. तेही गोठलं असतं. स्टोव्हची धग ड्रमला लांबून द्यायची, लाकडी हातोड्यानं ठोकायचं, परत धग द्यायची. हे गाडीखाली पडून ठोकत होते. शेजारी स्ट्रेचरवर तानाजी.

"लय चकचकीत धुतली, न्हाई का रं?" तो म्हणाला.

"बोलू नको. श्वास घे."

दोन्ही चाकं सुटायला तास गेला.

हॉस्पिटल दिसायच्या आधी एक वळण आहे. तिथं मागं बसलेल्या नर्सिंग असिस्टंटची पत्र्यावर थाप पडली. थांबायची खूण. ह्यांनी गाडी थांबवली, पहिल्या गिअरमध्ये ठेवली, चाकाला दगड लावला, आणि मग मागं गेले. तानाजी गेला होता.

मी विचारलं, तो तास वाचला असता तर? हे म्हणाले, "डॉक्टरला मीबी विचारलं. सांगता येत न्हाई म्हणाला." फडकं उचलून हे परत काच पुसायला लागले. मी परत झेंडू ओवायला घेतला.

यंदा दसऱ्याला सकाळी हे झेंडू आणायला गेले होते. बापू बादली घेऊनच दारात आले. म्हणाले, हवालदार यायच्या आत मीच घालतो हिला आंघोळ. मी घरातल्या बायकांशिवाय कुणाशी फारशी बोलत नाही. पण पुढं झाले.

"नको बापू. ह्यांच्या जोडीला औंधचा तानाजी होता. पोस्टवर दसऱ्याची गाडी त्यानं धुतली, ती गोठली. त्यालाच खाली न्यायला उशीर झाला. तो गेला. म्हणून ही कोरडी असती."

 बापूंनी बादली जास्वंदीच्या आळ्यात ओतली. संध्याकाळी सोनं द्यायला आले तेव्हा आपट्याचं पहिलं पान त्यांनी जीपच्या बोनेटवर ठेवलं.

"हे तानाजीला," म्हणाले.