उसनी पँट

मौनीबुवा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवणारा हा माणूस सकाळी दुकान उघडलं की मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचा आणि जिभेनं एकेक पुढं सारत ठोकत बसायचा. गिऱ्हाईक काहीही विचारो, उत्तर हूं नाहीतर उंहूं. त्यावरून गल्लीनं नाव ठेवलं. खिळे हिरडीला टोचायचे, एक दाढ तर किडून अर्धीच उरली होती, पण दाताच्या डॉक्टरचं नाव काढलं की बुवा हातोडी जोरात मारायला लागायचे. बायको म्हणायची, "बरोबर आहे, तिथं तोंड उघडावं लागेल ना!"

मग संध्याकाळचा ताप सुरू झाला. फार नाही, नुसती कणकण. झोपेत घामानं बनियन भिजायचं, जेवण जाईना, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. बुवांनी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. बरं वाटलं, गोळ्या बंद. ताप पुन्हा हजर, पुन्हा गोळ्या. हे अर्धवट शहाणपण घरोघरी चालतं, एकट्या बुवांना काय बोलायचं?

नखांखाली तांबूस-काळ्या रेघा दिसायला लागल्या. जुन्या खुर्च्या उसवणाऱ्या माणसाला अशी रेघ म्हणजे लाकडाचं कुसळ, दुसरं काय? बुवा सुई घेऊन उन्हात बसले, नखं कोरकोरून रक्त काढलं, पण कुसळ काही निघेना. बोटांच्या टोकांना दुखऱ्या गाठी आल्या तेव्हा म्हणाले, कुसळ पिकलं. शेवटी दुकानाच्या पायऱ्या चढताना धाप लागली आणि हातोडी हातातून सुटली, तेव्हा बायकोनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली ती बराच वेळ काढलीच नाही. "लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का?"

यायचा.

"त्या तापानं हृदयाची एक झडप तेव्हाच खराब केलीय. आता तोंडातले जंतू हिरडीच्या जखमेतून रक्तात गेले आणि त्या झडपेवर घर करून बसलेत." नखांखाली कुसळ नव्हतंच, साकळलेलं रक्त होतं. तपासायला घेतलेल्या रक्तात आधी जंतू सापडेचनात, कारण अर्धवट गोळ्यांनी ते मेले नव्हते, नुसते दबून बसले होते. पुन्हा पुन्हा रक्त घेतलं तेव्हा कुठे हाती लागले. उपाय एकच, सहा आठवडे शिरेतून औषध, तेही इथंच, या खाटेवर.

बायकोनं त्यांचे बाहेरचे कपडे घरी नेले. नवऱ्याला ती चांगली ओळखून होती.

पहिल्या आठवड्यात ताप उतरला आणि बुवांचा जीव गुदमरायला लागला. आजारी होते तोवर खाट ही खाट होती, बरं वाटायला लागल्यावर तिचा पिंजरा झाला. खिडकी उघडत नव्हती. तिच्यातून समोरच्या भिंतीवरचे पाण्याचे पाइप दिसायचे, आणि बुवांना ते आता जोडासकट पाठ झाले होते. औषधासाठी हाताच्या शिरेत खुपसून ठेवलेली सुई तर कूस बदलायलाही देत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "झडपेवर जंतूंचा जो गोळा साचलाय तो अजून आहे. त्याचा तुकडा सुटला तर तो रक्तातून थेट मेंदूत जाईल. औषध अर्ध्यावर सोडलंत तर मरण ओढवून घ्याल." बुवांनी मान डोलावली आणि दाराकडं बघितलं.

शेजारच्या खाटेवर एक बस-ड्रायव्हर होता. त्याची झडप मागेच बदललेली, कृत्रिम. मांडीवरचं गळू त्यानं स्वतःच फोडलं आणि कातडीवरचे जंतू त्या झडपेवर जाऊन बसले. आता ती पुन्हा बदलायची होती. "बुवा, तुमचे जंतू आळशी," तो म्हणायचा, "महिनोन्‌महिने रेंगाळले. माझे गुंड! बघता बघता हुडहुडी भरली आणि आडवा." बुवांची तगमग बघून त्यानंच डोकं चालवलं. "माझी पँट घ्या. भेटीच्या वेळी गर्दी असते. मी सिस्टरला बोलण्यात गुंतवतो, तुम्ही सटका."

एक नंदी, दुसरा बैल! बुवांनी संडासात जाऊन पायजम्यावर पँट चढवली. ड्रायव्हर आडमाप, त्यामुळं कंबर मुठीत धरावी लागली. बाहेर आले तेव्हा ड्रायव्हर रंगात आला होता. "सिस्टर, गंमत ऐका. एक म्हातारी माझ्या बसमध्ये चढली आणि म्हणाली..."

बुवा दारात पोचले.

"म्हणाली... म्ह... म्ह..."

म्हाताऱ्या बाईची नक्कल करतोय असं वाटून सिस्टर हसली. बुवांनी वळून बघितलं. ड्रायव्हरचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं, उजवा हात खाटेवरून खाली लोंबत होता. मग एकच धावपळ उडाली. बुवांकडं कुणाचं लक्ष नव्हतं, दार सताड उघडं होतं, समोर जिना होता. बुवांना भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही लाज. ते भिंत धरत धरत आपल्या खाटेवर परत आले आणि चादर गळ्यापर्यंत ओढून पडून राहिले.

ड्रायव्हरला खाली नेलं. थोड्या वेळानं त्याची बायको सामान न्यायला आली. बुवांचं औषध तेव्हा चालू होतं.

"शर्ट आहे, चपला आहेत," ती खाटेखाली वाकून म्हणाली. "पँट कुठं गेली?"

"वहिनी," बुवा म्हणाले, "ती माझ्या अंगावर आहे." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. आयुष्यात इतकं सलग ते कधी बोलले नव्हते.

तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडलीही नाही. "मग काढा आणि द्या. आता मोठ्या दवाखान्यात नेतायत त्यांना. शुद्धीवर आले की घरी जायला आधी पँट मागतील. बोलता नाही आलं तर हातानं मागतील."

बुवांनी चादरीखाली एका हातानं पँट उतरवली. तिनं ती झटकली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि निघाली. दाराशी थांबून तिनं विचारलं, "आणि तुम्ही काय घालून जाल?"

"मी कुठं जातोय," बुवा म्हणाले, आणि सुईचा हात हलू नये म्हणून तो दुसऱ्या हातानं घट्ट धरून बसले.