चोरलेलं टेबल रोज

पाठ फिरवून अक्का मोठ्याने कन्नडमध्ये आकडे मोजू लागल्या की समजायचं, आता चोरी करायची. "ओंदु, यरडु, मूरु..." दहापर्यंत त्या मागे वळून पाहत नसत. तेवढ्यात आपण त्यांच्या कुंडीतली फांदी खुडायची, पदराखाली लपवायची आणि साळसूद चेहऱ्याने गप्पा पुढे चालू ठेवायच्या.

"मागून नेलेलं लागत नाही. दिलेलं तर बिलकुल लागत नाही," त्या बजावत. "चोरावंच लागतं, नोडु, बघ."

आम्ही म्हैसूरला बोगादीत राहायला आलो तेव्हा मी साताऱ्याकडून नवीनच आले होते. शेजारच्या अक्कांच्या फाटकापाशी फुटक्या बादल्या, जुने डबे, एक बिनकानाची कढई, आणि त्या सगळ्यांत शेवाळ्यासारखी पसरलेली बारीक पानं. दहा वाजले की त्यांवर लाल, गुलाबी, पांढरी फुलं उघडायची. तुमच्याही गॅलरीत हे झाड असणार. मी आनंदाने ओरडले, "अय्या, ऑफिस टाइम!"

"कुठलं ऑफिस? मी रिटायर होऊन दहा वर्षं झाली. हे टेबल रोज."

समोर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहत. त्यांनी सांगितलं, याला मॉस रोज म्हणतात, पानं शेवाळासारखी असतात म्हणून. अक्का म्हणाल्या, "सर, शेवाळं माझ्या न्हाणीत आहे. त्याला आजवर फूल आलं नाही." गल्लीतले बाकीचे त्याला 'हत्तु गंटे', म्हणजे दहा वाजताचं फूल, म्हणत. मी विचारलं, टेबल रोजच का?

"आमच्या घरात टेबल नव्हतं तेव्हापासून टेबल रोज म्हणतो. आता काय विचारायचं त्यात?"

अक्कांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत चाकरीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी टिकली होती, पण तिला कन्नडची फोडणी असे. शाळेत शिवण शिकवण्यात जन्म गेल्यामुळे आवाज मात्र दोन्ही भाषांत सारखाच खणखणीत.

सगळ्या रंगांत त्यांचा जीव एकात होता. पिवळ्यावर तांबडे ठिपके, हळदीत कुंकू सांडावं तसे. बन्नीमंटपजवळच्या माहेरच्या अंगणातलं ते झाड. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी निघताना त्यांनी ते चोरलं होतं, आणि त्यांची आई पाठ करून उभी राहिली होती. पुढे ते घर विकलं गेलं, पाडलं गेलं. आईची म्हणून दुसरी वस्तू अक्कांकडे नव्हती.

एका वर्षी पाऊस हटेना. अक्कांच्या साऱ्या कुंड्या कुजल्या, आणि त्यांतच ते पिवळंही गेलं. त्यांच्याकडून ज्यांनी ज्यांनी चोरलं होतं, त्यांचीही तीच गत. वाचलं ते फक्त माझ्या वळचणीखालचं. मी धावत सांगायला गेले, "अक्का, माझ्याकडे आहे! आत्ता आणून देते."

"देऊ नको!" त्या किंचाळल्याच. "दिलं की गेलं. तू घरात जा, खिडकी लाव, सुम्ने, गप्प बैस."

मग सुरू झाली ती चोरी मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या दिवशी गुडघ्यांनी दगा दिला आणि अक्का माझ्या पायरीवरच बसून राहिल्या. मी पडद्यामागे. बाहेर जाऊन हात द्यावा तर चोरी फुकट! शेवटी मोलकरणीने त्यांना उठवलं. दुसऱ्या दिवशी त्या कात्री घेऊन फाटकात शिरल्या आणि समोरून प्राध्यापक आले. "काय, सकाळी सकाळी?" अक्का म्हणाल्या, "वॉकिंग." कात्री हातात तशीच.

त्यांचे हाल मला बघवेनात. मी शहाणपणा केला. पिवळ्याची कुंडी पुढे सरकवली, अगदी हाताशी. तिसऱ्या दिवशी साडेसहाला अक्का आल्या. दहा वाजायच्या आधी ही फुलं मिटलेली, आणि पानं सगळ्यांची सारखीच. त्यांनी पुढच्या कुंडीकडे संशयाने पाहिलं. पुढे ठेवलेलं म्हणजे दिलेलंच की! त्यांनी हात लांबवला आणि मागच्या कुंडीतली फांदी खुडली. साधं गुलाबी. मी पडद्यामागे कपाळावर हात मारून घेतला. सांगावं तरी कसं?

गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी अक्का मुलीकडे बेंगळूरुला गेल्या, तेव्हा ती फांदी लावलेली कुंडी गाडीत मांडीवर घेऊन गेल्या. महिन्याने व्हिडिओ कॉल आला. पडदाभर गुलाबी फूल.

"बघ गं, आईकडचं आलं! रंग थोडा उतरलाय. इथलं पाणी. कावेरीचंच, पण एवढ्या लांब पाइपातून येतं ना."

त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना खरंच दिसत नव्हतं, की दिसूनही ते तेच फूल असायला हवं होतं? मला अजून ठरवता आलेलं नाही. मी म्हटलं, "हो अक्का, तेच आहे." फोन ठेवला आणि स्वतःचा भयंकर राग आला. रविवारी जायचं, त्या झोपल्या की खरी फांदी त्या कुंडीत खोचायची, असं ठरवलं. कुणाला कळणारही नाही.

गुरुवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. अक्का झोपेतच गेल्या होत्या.

मी गेलेच. पर्समध्ये ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली फांदी होती. दिवाणखान्यात माणसं बसलेली, सगळी हलक्या आवाजात बोलत होती. मी गॅलरीत गेले. गुलाबी फूल उघडलेलं होतं. शेजारी बोटाने खड्डा केला, फांदी खोचली, माती दाबली. नख काळं झालं ते साडीलाच पुसलं. कुणी पाहिलं नाही. तिथे उभी राहून मी हमसून हमसून रडले.

दीड महिन्याने मुलीने फोटो पाठवला. एकाच कुंडीत दोन रंग. खाली लिहिलं होतं, 'आंटी, अम्माच्या पॉटमध्ये हे यलोवालं कुठून आलं?'

मी लिहिलं, 'तुझ्या आजीकडून.'