थकणारा डबा

थोरल्या, तू फोनवर म्हणालास की तुझ्या गेमच्या डब्यात आता ताकद उरली नाही आणि नवा घेतल्याशिवाय चांगले गेम खेळताच येणार नाहीत. तुझ्या आईबाबांना हे पटलेही म्हणे. तुझ्या आजीला पटत नाही, कारण मला ती दिवाळी आठवते. तुझी बहीण तेव्हा लहान होती, म्हणून तिच्यासाठीही क्रमाने लिहिते.

त्या वर्षी तुम्ही अमेरिकेहून आलात आणि तुझ्या बॅगेतून कपड्यांच्या आधी एक काळा डबा निघाला. त्याच्या गेममध्ये गवताचे पाते न् पाते वेगळे हलते, असे तू मला समजावत होतास. खिडकीबाहेर कापणीला आलेला धान हलत होता, तिकडे तू पाहिले नाहीस. मग कळले की तो डबा फक्त तिकडच्या विजेवर चालतो. एवढा ताकदवान, पण गोंदियाची वीज त्याला झेपेना.

"इथे बोअर होतं. मी नागपूरला मामाकडे जातो," तू जाहीर केलेस.

आजोबांचा चेहरा उतरला. दिवाळीनंतर गावची मंडई होती, म्हणजे रात्री नाटक होणारी आपल्याकडची जत्रा. नातू शेजारी बसून मंडईचे नाटक पाहणार, असे त्यांनी गावभर सांगून ठेवले होते. पण 'थांब' म्हणून गळ घालणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. त्यांनी माळ्यावरून तुझ्या काकाचा जुना गेम काढला. काकाने तो कॉलेजात असताना गोंदियाच्या बाजारातून आणला होता. त्यात कॅसेट खोचायची, नाही चालली तर काढून फुंकर मारायची.

"याच्यात मले हरव, मंग जाय नागपूरले," आजोबा म्हणाले. "नाही हरवलास तं मंडईपर्यंत थांबाचं."

"आजोबा, याच्यात पॉवरच नाही. माझ्या घड्याळात जास्त असेल."

"मंग तं तुले सोपंच हाय. भेतोस कायले?"

शत्रूची विमाने पाडायची, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. तू विमान दिसले की पाडत होतास, धडाधड. मग आजोबांची पाळी आली. ते आपले विमान खालच्या कोपऱ्यात नेऊन गप्प बसले. पडदा शत्रूंनी भरत चालला.

"आजोबा, मारा ना!" तुझी बहीण ओरडली.

"थांब वं बाई, सगळे येऊ दे."

सगळे आले आणि त्या गरीब डब्याला एवढी विमाने एकदम हलवणे जमेना. ती चिखलात चालणाऱ्या बैलांसारखी चालू लागली. आजोबांची जाड बोटे आता पुरेशी चपळ होती. त्यांनी एकेक विमान निवांत टिपले.

"थकला पाह्य डब्बा," ते म्हणाले.

"चीटिंग!"

"डब्बा तुया काकाचा, थकते आपल्या मनानं. माही चीटिंग कायची?"

मग तू रोज तीच युक्ती करून पाहिलीस, पण विमाने जमा होईपर्यंत थांबणे तुला कधीच जमले नाही. मामाचा फोन आला तर मान वर न करता "नंतर" म्हणालास. मंडईत रंगवलेल्या एका पडद्याला जंगल म्हणतात हे पाहून आधी हसलास, आणि मग आजोबांचा हात धरून आ वासून नाटक पाहत बसलास. पॉवरबद्दल चकार शब्द नाही.

ताकदीने काहीच फरक पडत नाही असे मी म्हणणार नाही. काकाच्या डब्यात विमान कोणते आणि पाखरू कोणते, हे मला शेवटपर्यंत कळले नाही. पण व्हिडिओ कॉलवर तू मला तुझा गेम दाखवलास, तेव्हा त्यातल्या माणसाच्या दाढीचा केस न् केस दिसत होता आणि तो सांगेल तिकडे तू मुकाट्याने चालत होतास. याला खेळणे म्हणत असतील तर तुम्ही अमेरिकेला जाण्याआधी मी तुला शाळेत सोडायला नेत असे तोही गेमच होता.

नव्या डब्याची बातमी आजोबांना सांगितली.

"थकते का तो?" त्यांनी विचारले.

"नाही म्हणतो."

"मंग तो तिकडंच राहू दे म्हणा. मंडईले ये म्हणा फक्त. माळ्यावरचा मी पुसून ठेवतो."