ट्रेसिंग पेपरमागचा फ्लॅश

दादाचं आणि माझं ठरलेलं होतं की मी बी.ए. होईपर्यंत घरात माझ्या लग्नाचा विषय निघणार नाही. बाबा मला गडचिरोलीच्या कॉलेजात पाठवायला तयार नव्हते, तेव्हा तोच मध्ये पडला होता. "शिकू द्या तिले. लग्नाचं मी पाह्यतो," असं त्यानं बाबांना सांगितलं, आणि आमच्या घरातून पहिल्यांदा कोणीतरी कॉलेजात गेलं.

दादा चामोर्शीला एका स्टुडिओत कामाला होता. लग्नाचे फोटो काढायचा. मंडपात फ्लॅश मारला की नवरीचं कपाळ पांढरंफटक यायचं आणि मागच्या कनातीवर तिची काळी सावली पडायची. स्टुडिओचे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणत, एकदा त्याला म्हणाले, "ये दुल्हन है के भूत?" गिऱ्हाइकांची तक्रार नसायची, मुलगी गोरी दिसली की ते खूश. पण दादाच्या मनाला चाचांचं बोलणं लागलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना एका रविवारी तो कॅमेरा घरी घेऊन आला.

"बाई, बस इथी. फ्लॅशचा उजेड नरम करून पाह्यतो."

"मले अभ्यास आहे."

"नापास झाली तं माह्यं नाव सांग. आन् साडी नेस. नवरी काय ड्रेसवर बसते?"

माय लगबगीनं पेटीतली निळी साडी घेऊन आली. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पहिला फोटो नुसत्या फ्लॅशचा काढला. मग माझा रुमाल दुहेरी करून फ्लॅशवर रबरानं बांधला. मग दुधाची पिशवी कापून लावली. तिच्यावरची छपाई तोंडावर उमटेल असं मी म्हटलं, तर म्हणाला, "उमटू दे. गायच दिसशील." शेवटी मी माझ्या भूगोलाच्या नकाशांचा ट्रेसिंग पेपर काढून दिला. त्यानं तो फ्लॅशच्या काचेवर धरला, थोडा विचार केला आणि खाली ठेवला. उजेड एवढ्याशा जागेतून येतो म्हणून टोचतो, तो मोठ्या जागेतून आला पाहिजे, असं काहीसं तो बोलत होता. बाबांच्या चपलांचं खोकं आणलं. मागून फ्लॅशपुरतं भोक पाडलं, आतून चहाच्या पाकिटाची चांदी चिकटवली आणि समोर माझा ट्रेसिंग पेपर ताणून लावला. खळ वाळेपर्यंत खोकं मीच धरून बसले होते. उजेड कमी होणार म्हणून त्यानं लेन्सचं तोंड आणखी उघडलं. फ्लॅश पडला तेव्हा माझे डोळे दिपले नाहीत, भिंतीवर सावलीही दिसली नाही. दादा लहान पोरासारखा हसला. मलाही फार बरं वाटलं. त्याच्या कामात माझा काही उपयोग झाला, असं वाटलं.

रोल धुवायला चंद्रपूरला गेला. फोटो आले ते दादानं मला दाखवले. नुसत्या फ्लॅशचा, रुमालाचा, दुधाच्या पिशवीचा.

"खोक्याचा कुठी आहे?"

"शेवटचा होता ना. रोलले उजेड लागला, जळला तो."

मला त्याच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. परत काढू, मी बसते, असंही मी म्हणाले. "पाहू," तो म्हणाला.

दिवाळीच्या सुट्टीत राजुऱ्याहून पाहुणे आले. बाबांच्या ओळखीचे आहेत, एवढंच मला सांगितलं होतं. मी पोहे घेऊन गेले तेव्हा त्यातल्या बाईंनी पर्समधून एक फोटो काढला आणि माझ्या तोंडाजवळ धरला. निळी साडी. हनुवटीवरचा तीळ, माझा सावळा रंग, सगळं जसंच्या तसं. मागची भिंत स्वच्छ.

"लोकं पांढरे करून फोटो पाठवते. पाह्याले गेलं का पोरगी वेगळीच निघते," त्या बाबांना म्हणाल्या. "तुमच्या फोटोत लबाडी नाई."

"आमच्या पोरानंच काढला," बाबा म्हणाले.

मग त्यांनी माझ्या शिक्षणाचं विचारलं. बाबा म्हणाले, "दुसऱ्या वर्षाले आहे. तुमी म्हणाल तं थांबवू." मी दादाकडे पाहिलं. तो बोलेल असं मला त्या क्षणापर्यंत खरंच वाटत होतं. त्यानं रिकामे ग्लास उचलले आणि आत गेला.

पाहुणे गेल्यावर मी त्याला मागच्या अंगणात गाठलं.

"जळला म्हणे ना तू?"

"सांगतलं असतं तं बसली असती काय?"

"नाई."

"मंग? पोरगा खाणीत पर्मनंट आहे बाई. असं स्थळ पुन्हा येत नाई."

"आन् चाचा बोलले तेही खोटंच?"

"नाई. ते खरं होतं." तो म्हणाला, "दोन्ही खरं होतं."

ती दुपार सगळीच खोटी असती, तर मला विसरता आली असती. पण उजेड नीट पडला तेव्हा तो खरंच हसला होता, आणि तेव्हाही फोटो कुठे जाणार हे त्याला माहीत होतं. या दोन गोष्टी मला अजून एकत्र ठेवता येत नाहीत.

नाही म्हणायची हिंमत मला झाली नाही. दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिली आणि उन्हाळ्यात लग्न झालं. तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. बाबांजवळ मी एकच गोष्ट मागितली, की लग्नाचे फोटो दादानं काढायचे नाहीत. दादाला ते कळलं. चंद्रपूरचा फोटोग्राफर आला. घरच्यांच्या फोटोसाठी दादा पंगतीतून हात पुसत आला आणि कडेला उभा राहिला.

"भाऊ, बहिणीजवळ सरका," फोटोग्राफर म्हणाला.

दादा सरकला. मी समोर पाहत राहिले.