आणि तुझ्यासाठी काय?

बायबलबाईंनी 'शी!' म्हटलं की सडका बोंबील नाकाशी आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. परळच्या आमच्या चाळीतल्या ख्रिस्ती बिऱ्हाडांत त्या फिरायच्या, बायकांना वचन वाचून दाखवायच्या. पांढरं लुगडं, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांचं खरं नाव मला कधी कळलंच नाही.

दर बुधवारी कुणाच्या तरी खोलीत घरसभा भरे. उतारा वाचून झाला की प्रत्येकाने बोध सांगायचा, ही आमची रीत. तिची आम्ही पार घाण करून टाकली होती. लोभाचा उतारा निघाला की सगळ्यांना वरच्या मजल्यावरची सावकारीण आठवे, चहाडीचा निघाला की नळावरच्या बायका. बाई ऐकून घेत आणि म्हणत, "शी! हा तिचा बोध झाला. आणि तुझ्यासाठी काय?" मग समोरची पदराशी चाळा करत बसे.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, त्यात मार्थामावशीचा दानिएल गेला. एकुलता एक, गिरणीत साच्यावर होता. कुणाच्या घरी मयत झालं की रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गेलेल्याचं नाव घेऊन घरच्यांसाठी प्रार्थना होते. दानिएलचं नाव मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलसाहेबांनी गाळलं. त्या बुधवारी सभा त्यांच्याच खोलीत होती. तेच विचारायला मावशी आली आणि दाराशीच बसली.

वडीलसाहेबांनी मुद्दाम बुरुजाचा उतारा काढला. बुरूज कोसळून माणसं मेली. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का? येशू म्हणतो, नाही. पण पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही तसाच नाश होईल. पुस्तक मिटून साहेब म्हणाले, "सरकारवर चालून गेलं की बुरूज कोसळणारच. पोरांनी आता तरी धडा घ्यावा." मग एकेकीचं तोंड सुटलं. संगत वाईट होती म्हणे. उपासना बुडवून मोर्च्याला जायचा म्हणे. मधूनमधून चिवड्याची बशी फिरत होती. येशूच्या 'नाही'चं यांनी मावशीच्या तोंडावर 'होय' करून टाकलं होतं.

मी बाईंच्या 'शी'ची वाट पाहत होते. बाई उठल्या.

"माझा बोध सांगते. बातमी आली तेव्हा मनात आलं, बरं झालं, माझा भाचा घरी आहे. मग दानिएलचं कळलं, तर वाटलं, गेलाच कशाला हा? मीपण तेच करत होते. शी! माझीच मला घाण येतेय." त्या मावशीपुढे जमिनीवर बसल्या. "मार्थे, माफ कर गं मला."

मावशी एवढंच म्हणाली, "बाई, त्याचं नाव घ्या हो कुणीतरी."

बाईंनी तिथेच, मोठ्याने घेतलं. प्रार्थना संपली. आमेन म्हणणाऱ्या तिघीच निघाल्या. मावशीने म्हटलं, मग माझ्या आईने, मग मी.

बाईंविरुद्ध तक्रार गेली आणि मिशनने त्यांना घाटावर धाडलं. पुन्हा भेट नाही.

त्या खोलीची मला अजून किळस येते. पुढे बऱ्याच वर्षांनी वडीलसाहेब अंथरुणात खितपत गेले. 'भोगलं मेल्याने,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते माझ्या. तेवढ्यात बाई आठवल्या, आणि मी मुकाट्याने मयताला जायला चपला घातल्या. रविवारी देवळात वडीलसाहेबांचं नाव घेतलं गेलं. शेवटी मी आमेन म्हटलं, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.