नानांचं उत्तर

भरे गावाजवळच्या कारखान्यात मी फिटर होतो. दोन हजार सहाच्या सुमारास तिथून एकाला सहा महिने स्वीडनला पाठवायचं ठरलं. भाषा यायला हवी, म्हणून शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये स्वीडिश शिकवायला पुण्याहून एक बाई येऊ लागल्या. मला जायचं होतं. त्या वर्षी दुसरं काही सुचतच नव्हतं.

भाषा नुसती खोडीची. कुठलीतरी एक गाडी म्हणजे 'एन बील'. पण आपण बोलतोय तीच ती गाडी असेल, तर एन उचलून शेपटीला चिकटवायचा: 'बीलेन'. बरं, सगळ्यांना एन चालेल तर शप्पथ. घराला लागतं एत. 'एत हूस', मग 'हूसेत'. कुणाला काय, ते पाठ करायचं. केलं. गोठ्यात शेण काढताना केलं.

नाना आमचे सुपरवायझर, भावकीतले, नात्यानं चुलते. त्यांनाही जायचं होतं, पण डोक्यात काही शिरेना. "डबा खाताना मला जरा सांगत जा की रं," म्हणाले. दोन महिने सांगितलं.

मग परीक्षा घ्यायला स्वीडनहून साहेब आला. आधी नानांना उभं केलं. टेबलावर कप ठेवून विचारलं, हे काय? "एन कॉप," नाना म्हणाले. बरोबर. साहेबानं तो कप खिडकीत ठेवला आणि विचारलं, आता खिडकीत ठेवलेल्या त्या कपाला काय म्हणाल? नाना पुन्हा "एन कॉप". साहेबानं नाही अशी मान हलवली आणि तेच मला विचारलं.

'कॉपेन' अगदी जिभेवर होतं. नाना माझ्याकडं बघत होते, कपाळावर घाम. मोठ्याची चूक चारचौघांत दाखवायची नाही, हे आमच्या घरात दुधाबरोबर पाजलेलं. मी म्हणालो, "एन कॉप."

दोघं सारखेच, तर सीनियर जाऊ दे, असं ठरलं. बाहेर आल्यावर नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुजंबी चुकलंच की," म्हणाले. त्यांना सगळं कळलं होतं. असल्या माणसाला काय म्हणावं?

घरी येऊन वडलांना झालं ते सांगितलं. निदान ते तरी चिडतील, असं वाटत होतं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "चुलत्याचा मान राखलास."

नानांना मी केव्हाच माफ केलं. वडलांचा राग अजून जात नाही.